वाचकांचे प्रश्न : शाळा, भट्टी आणि नदीकाठ

या महिन्यात आलेल्या पत्रांत शाळा होती, फाउंड्री होती, गुऱ्हाळ होते, नदी होती. खोलात पाहिले तर बहुतेकांना एकच जाणून घ्यायचे आहे: आपण जे करतो आहोत त्याचा उपयोग होतो की नाही, हे ओळखायचे कसे? काहींनी नाव छापू नका असे कळवले, म्हणून सगळ्यांचीच नावे गाळली आहेत. पत्रेही थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : मी करवीर तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. सातवीला विज्ञान प्रयोगातून शिकवायला लागले आणि घटक चाचणीत मुलांचे गुण वाढले. केंद्रप्रमुख विचारतात, "हे प्रयोगामुळंच झालं कशावरून?" त्यांना काय दाखवू? शिवाय ऊसतोड कामगारांची मुलं हंगामात येतात आणि मध्येच जातात. त्यांचे गुण धरायचे की नाही?

उत्तर : बाई, केंद्रप्रमुखांचा प्रश्न रास्त आहे. जूनपेक्षा ऑक्टोबरमध्ये गुण जास्त असणे हे कुठल्याही शाळेत घडते. मुले तेवढी मोठी झालेली असतात, धडा दोनदा वाचून झालेला असतो, बाईंचे प्रश्न कसे असतात तेही कळलेले असते. म्हणून 'आधी' आणि 'नंतर' एवढ्याने भागत नाही, शेजारी प्रयोग न केलेला वर्गही लागतो. समजा, तुमच्या वर्गाची सरासरी २० पैकी ८ वरून १३ झाली आणि दुसऱ्या वर्गाची ८ वरून ११. मग प्रयोगांच्या खात्यावर ५ नव्हे, २ गुण जमा होतात.

सातवीची एकच तुकडी असेल तर केंद्रातली दुसरी शाळा सोबत घ्या. पहिला घटक तुम्ही प्रयोगातून शिकवायचा आणि त्यांनी नेहमीसारखा, पुढच्या घटकाला उलट. यात कुठलेच मूल प्रयोगाला मुकत नाही, आणि "त्यांची मुलं मुळातच हुशार" ही शंकाही बरीचशी मिटते.

सगळी मेहनत खरे तर प्रश्नपत्रिकेत आहे. तोच पेपर दोनदा दिला तर मुले उत्तरे आठवून लिहितात. २०-२० प्रश्नांचे दोन संच करा. पूर्वचाचणीला निम्म्या मुलांना पहिला, निम्म्यांना दुसरा द्या आणि उत्तरचाचणीला अदलाबदल करा. दोन्ही संच आधी आठवीच्या मुलांकडून सोडवून घ्या. ८० टक्क्यांहून अधिक मुलांना आलेला प्रश्न काढा, ३० टक्क्यांहून कमी मुलांना आलेलाही काढा. चार पर्यायांच्या प्रश्नात डोळे मिटून खूण केली तरी २५ टक्के बरोबर येतात, त्यामुळे फार अवघड प्रश्न काहीच सांगत नाही. २० पैकी निदान १२ प्रश्न कारण विचारणारे ठेवा. 'घनतेची व्याख्या लिहा' हा प्रश्न पाठांतर मोजतो. 'लोखंडी खिळा बुडतो, मग पुरात माणसे बसवून नेलेली काहील (गूळ शिजवायची मोठी कढई) का तरंगते?' या प्रश्नाला पाठांतर पुरत नाही, आणि प्रयोगाचा फायदा दिसायचा असेल तर तो इथेच दिसतो.

उत्तरे तपासताना नावाचा भाग दुमडून ठेवा. कोणत्या उत्तराला किती गुण हे आधी लिहून ठेवा आणि पेपर दुसऱ्या शिक्षकांकडून तपासून घ्या. आपल्या वर्गाला अर्धा गुण सढळ हाताने देण्याचा मोह प्रामाणिक माणसालाही होतो. सहा आठवड्यांनी, आधी न सांगता, आणखी एक छोटी चाचणी घ्या. परीक्षेपुरते लक्षात राहिलेले तोवर बरेच गळून जाते.

आता ऊसतोड कामगारांची मुले. समजा, पटावर ३० मुले आहेत आणि सरासरी ८. त्यातली ४ गुण सरासरीची ६ मुले पट्टा पडल्यावर, म्हणजे गळीत हंगाम संपल्यावर, गावी गेली. उरलेल्या २४ जणांची सरासरी आपोआप ९ होते, आणि कुणी काहीही नवे शिकलेले नसते. म्हणून गुणवाढ काढताना दोन्ही चाचण्या दिलेल्या मुलांचाच हिशेब करा, पण किती मुले मध्येच गेली आणि त्यांचे आधीचे गुण काय होते, हे अहवालात स्वतंत्र लिहा. हंगामात येणाऱ्या मुलांसाठी तीन आठवड्यांचा छोटा घटक निवडा, म्हणजे त्यांच्या मुक्कामातच दोन्ही चाचण्या होतील. त्यांना 'हिशेबात बसत नाहीत' म्हणून प्रयोगातून वगळणे मात्र आम्हाला मान्य नाही. पुस्तक अर्ध्यावर सुटलेल्या मुलाला हाताने करून पाहण्याचा आधार सगळ्यात जास्त लागतो.

एक सापळा सांगायला हवा. सर्वांत कमी गुणांची दहा मुले निवडून त्यांच्यावरच उपक्रम केला, तर गुण हमखास वाढलेले दिसतात. त्यातल्या काहींचा पहिल्या चाचणीचा दिवसच वाईट गेलेला असतो. आणि आकड्याचा आग्रहही बेताने धरा: दोन्ही वर्गांत ३०-३० मुले असतील आणि गुणवाढीचे प्रमाण विचलन (मुलामुलांतल्या फरकाचे माप) ४ असेल, तर साधारण २ गुणांपर्यंतचा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. म्हणजे वरच्या उदाहरणातले २ गुण काठावरचे आहेत. केंद्रातल्या आणखी तीन-चार शाळा आल्या की चित्र स्पष्ट होईल. पालकसभेत सगळे समजावून संमती घ्या, मुलांनाही विचारा, आणि कागदावर नावाऐवजी क्रमांक ठेवा.

प्रश्न : शिरोलीत आमची फाउंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना, आहे. ज्या मोठ्या कंपनीला कास्टिंग देतो तिनं प्रश्नावली पाठवलीय: वीज किती, कार्बन किती, वाळू कुठं टाकता. सल्लागार मोठी रक्कम मागतोय. आमचं आम्हाला जमेल का?

उत्तर : जमेल. ही प्रश्नावली कुठून आली ते आधी पाहा. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यात पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला. त्या कंपन्या आता आपल्या पुरवठादारांकडे वळल्या आहेत. माल युरोपात जात असेल तर तिथला सीमेवरचा कार्बन आकार १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष लागू झाला आहे. लोखंडाची प्रत्येक वस्तू त्यात येत नाही, तुमच्या वस्तूचा सीमाशुल्क कोड यादीत आहे का ते तपासा.

सगळ्याच्या मुळाशी एकच आकडा लागतो: एक टन चांगल्या कास्टिंगला किती युनिट. बहुतेक ठिकाणी एक टन वितळलेल्या धातूचे युनिट सांगितले जातात आणि तिथेच फसगत होते. समजा, इंडक्शन भट्टी टनाला ६०० युनिट घेते. रनर-रायझर (साच्यातल्या वाटांत गोठणारा जादा धातू) वजा जाता हाती ६० टक्के राहते, म्हणजे कास्टिंगच्या टनाला १,००० युनिट झाले. त्यात ८ टक्के रिजेक्शन (सदोष म्हणून बाद झालेला माल), म्हणजे १,०८७. ग्रिडच्या एका युनिटमागे ढोबळमानाने ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर टनाला सुमारे ७६० किलो. हा झाला फक्त भट्टीच्या विजेचा वाटा. याच हिशेबात रिजेक्शन ८ वरून ४ टक्क्यांवर आणले तर आकडा १,०४२ वर येतो. भट्टीला हात न लावता टनामागे ४५ युनिट वाचले, महिन्याला १०० टन माल असेल तर ४,५०० युनिट. म्हणून नवी भट्टी घेण्याआधी रिजेक्शनची नोंदवही उघडा, असा आमचा आग्रह आहे.

भट्टीला वेगळा वीजमीटर बसवा. प्रत्येक हीटला (भट्टीच्या एका वितळणीला) पाच नोंदी पुरतात: चार्जिंग, म्हणजे माल भरणे, सुरू केल्याची वेळ, टॅपिंगची (धातू ओतून घेण्याची) वेळ, टॅपिंगचे तापमान, युनिट आणि धातूचे वजन. वजन क्रेनच्या काट्यावर करा, चार्जवरून अंदाजाने लिहू नका. गंजलेल्या, मातीने माखलेल्या स्क्रॅपमधला बराच भाग स्लॅग (मळ) होऊन जातो आणि अंदाज चुकतो. चार आठवडे काहीही न बदलता फक्त नोंदी ठेवा. पहिल्याच दिवशी सुधारणा सुरू केल्या तर पुढे तुलना कशाशी करणार? दुसरी नेहमीची चूक म्हणजे वीजबिलाचा महिना आणि उत्पादनाचा महिना वेगळे असणे. बिलावर विसंबू नका, मीटरचे वाचन १ तारखेला स्वतः घ्या.

लोखंड १,५०० अंश सेल्सिअसपर्यंत नेऊन वितळवायला तत्त्वतः टनाला ४०० युनिटच्या आसपास पुरतात. वरचे २०० कुठे गेले हे नोंदवहीतून दिसू लागते. कॉइल आणि पॅनेलमध्ये काही जातातच. बाकी झाकण उघडे राहिल्याने, साचे तयार नसल्यामुळे धातू भट्टीत ताटकळल्याने, आणि थंड लेडलची (धातू नेण्याच्या पात्राची) भरपाई म्हणून गरजेपेक्षा जास्त तापवल्याने. ताटकळण्याचा दोष भट्टीवाल्याच्या माथी मारला जातो, खोळंबा मात्र मोल्डिंगचा असतो.

हवेच्या गळतीची चाचणी फुकटात होते. सुटीच्या दिवशी सगळी अवजारे बंद ठेवून कॉम्प्रेसर चालू करा. तो किती वेळ लोडवर (हवा भरत) आणि किती वेळ अनलोडवर (नुसता फिरत) जातो ते घड्याळावर पाहा. लोडचा वेळ भागिले दोन्हींची बेरीज, एवढी गळती. २ मिनिटे लोड आणि ६ मिनिटे अनलोड असेल तर गळती २५ टक्के. साबणाचे पाणी लावून सांधे शोधा. काम चालत असेल तर दाब १ बारने उतरवून पाहा, विजेत ६-७ टक्के फरक पडतो.

वाळूचे दोन ढीग ठेवा, ग्रीन सँड (ओलसर मातीने बांधलेली साच्याची वाळू) वेगळी आणि रेझिनची कोअर सँड (साच्याच्या आतल्या गाभ्याची वाळू) वेगळी. एकदा मिसळल्या की पुन्हा वापरायलाही अवघड आणि विल्हेवाटीलाही.

आणि प्रश्नावलीत 'हवामान जोखीम' असा रकाना असेल तर तो कोरा सोडू नका. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येऊन वाहतूक थांबली होती. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. ३९ फुटांना तयार माल बाहेर काढायचा, रेझिन आणि पॅटर्न (साचा बनवायचे नमुने) वरच्या रॅकवर चढवायचे, ४३ फुटांना भट्टी रिकामी करून बंद करायची, असे चार ओळींत लिहून द्या. ग्राहकाला हेच हवे असते.

प्रश्न : कागल तालुक्यात गुऱ्हाळ आहे. हायड्रोस (रंग उजळवणारे रसायन) न टाकता, भेंडीच्या रसावर गूळ काढला तर रंग काळसर येतो. गिऱ्हाईक जादा भाव देईल का? विचारलं तर सगळे "देऊ की" म्हणतात.

उत्तर : "देऊ की" यावर एकही रवा (गुळाची ढेप) काढू नका. विचारल्यावर होकार देणे ही माणसाची रीत आहे. चार शनिवार-रविवार एकाच दुकानात एक किलोचे दोन्ही गूळ शेजारी-शेजारी ठेवा, काळसर गुळाला किलोमागे १० रुपये जास्त. दर आठवड्याला जागा बदला, कारण हाताशी असलेला माल जास्त उचलला जातो. दोन आठवडे नुसती पाटी ठेवा. उरलेले दोन आठवडे पाटीवर लिहा, की हायड्रोसने आलेला पिवळेपणा साठवणीत उतरतो आणि हा रंग मुळातलाच आहे. कोणत्या आठवड्यात किती किलो गेला तेवढे टिपा. एक खबरदारी घ्या: भेंडीचा रस कमी पडून मळी नीट वर आली नसेल तर रंगाबरोबर चवही बिघडते आणि पावसाळ्यात गुळाला पाणी सुटते. तसला रवा या चाचणीत ठेवला तर गिऱ्हाईक रंगाला नव्हे, दर्जाला नकार देईल.

प्रश्न : आमचं विज्ञान मंडळ दरवर्षी २८ फेब्रुवारीला प्रदर्शन भरवतं. गर्दी भरपूर. पण गणपतीत मूर्तिदानाचं आवाहन केलं की लोक म्हणतात, "नाले आणि कारखाने सोडून आमच्या गणपतीवरच का?" मग आमचं विज्ञान पोचतंय तरी का?

उत्तर : गर्दीवरून जाहिरात पोचली एवढे कळते. समज वाढली का, हे पाहण्याची सोपी रीत अशी. प्रवेशद्वाराशी दर दहाव्या पाहुण्याला एक प्रश्न विचारा, आणि बाहेर पडताना दुसऱ्याच दर दहाव्या माणसाला तोच प्रश्न. माणसे वेगळी असल्याने आधी ऐकलेल्या प्रश्नाचा फायदा कुणाला मिळत नाही. दोन्हीकडे निदान ४०-४० उत्तरे हवीत. 'आवडलं का?' विचारू नका, सगळे हो म्हणतात. प्रयोग दाखवणाऱ्यानेच प्रश्न विचारू नये, त्याच्यापुढे पाहुणा भिडेखातर बोलतो. एक स्वयंसेवक फक्त घड्याळ घेऊन उभा करा: कोणत्या टेबलाशी माणूस किती सेकंद थांबतो आणि वस्तूला हात लावतो का. पाठ केलेले भाषण म्हणणारा विद्यार्थी आणि हात मागे बांधून ऐकणारा पाहुणा, असे टेबल पुढच्या वर्षी बदला.

कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवायला सांगत आणि उत्तरासह सही देत. प्रदर्शनाच्या दाराशी कोरी पोस्टकार्डे ठेवा. आलेले प्रश्न हीच तुमच्या कामाची खरी मोजणी आहे. नुसती 'कसं' विचारणारी कार्डे किती आणि 'असं केलं तर काय होईल' विचारणारी किती, हे दरवर्षी वेगवेगळे मोजा.

गणपतीचा प्रश्न याहून खोल आहे. ब्रिटनमध्ये लोकांच्या विज्ञानाच्या समजेवरील १९८५ च्या बॉडमर अहवालानंतर बरीच वर्षे समज अशी होती, की लोकांना माहिती कमी पडते, ती पुरवली की विरोध मावळतो. २००० साली तिथल्या उमरावांच्या सभागृहाच्या अहवालाने सांगितले की तेवढ्याने विश्वास येत नाही, लोकांशी संवादच करावा लागतो. तुमच्याकडचे लोक अडाणी नाहीत, त्यांची शंका न्यायाची आहे. आणि ती बऱ्याच अंशी खरीही आहे: नाल्यांतून येणाऱ्या मैल्यामुळे पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन घटतो. प्लास्टर ऑफ पॅरिस आणि रासायनिक रंग वेगळ्या प्रकारे त्रास देतात, गाळ साचतो, रंगातले धातू पाण्यात उतरतात. दोन्ही गोष्टी तुम्हीच आधी बोलून दाखवा, मग ऐकणारा पुढे येईल.

आणि त्यालाच मोजायला बोलवा. पंचगंगेवर प्रयाग चिखली, राजाराम बंधारा आणि रुई बंधारा अशी तीन ठिकाणे ठरवा. विसर्जनाच्या दोन आठवडे आधीपासून दोन आठवडे नंतरपर्यंत, एक दिवसाआड, सकाळी ७ वाजता नमुना घ्या. वेळ बदलू नका, कारण दुपारी शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडते आणि आकडा फुगतो. बाटली पाण्याखालीच भरून पाण्याखालीच बूच लावा. आत बुडबुडा राहिला तर तो नमुना टाकून द्या. ऑक्सिजन मोजण्याच्या किटमधली पहिली दोन द्रावणे काठावरच घाला, घरी नेऊन नव्हे. आंघोळीच्या पाण्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषाने लिटरला निदान ५ मिलिग्रॅम विरघळलेला ऑक्सिजन लागतो. आकडे चौकातल्या फळ्यावर लिहा, तुमच्या म्हणण्याविरुद्ध गेले तरी. पाऊस पडला किंवा धरणातून पाणी सोडले तर तीही नोंद शेजारी हवी, नाहीतर वाढलेला प्रवाह सगळा फरक झाकून टाकेल.

घरच्या प्लास्टरच्या मूर्तीसाठी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने दाखवलेली, अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात मूर्ती विरघळवण्याची रीत चौकात करून दाखवण्यासारखी आहे. १७२ ग्रॅम जिप्समला (घट्ट झालेल्या प्लास्टरला) १५८ ग्रॅम अमोनियम बायकार्बोनेट लागते, म्हणजे जवळपास मूर्तीच्या वजनाएवढे. मूर्ती पूर्ण बुडेल अशी बादली मोकळ्या जागी ठेवा, अमोनियाचा वास येतो. कार्बन डायऑक्साइड सुटून फेस येतो, म्हणून झाकण घट्ट लावू नका. दिवसातून तीन-चारदा ढवळा. चुन्याचा थर मूर्तीवर बसला की क्रिया मंदावते, तो लाकडी काठीने सोडवावा लागतो. जाड मूर्तीला दोन-तीन दिवस धरून चला. तळाशी कॅल्शियम कार्बोनेट बसते, वरचे पाणी अमोनियम सल्फेटचे, म्हणजे खतच. ते भरपूर पाणी घालून झाडांना द्या. रासायनिक रंग मात्र या पाण्यातच राहतो, म्हणून अशी मूर्ती नैसर्गिक रंगाची असेल तरच पाणी झाडांना घाला.

प्रश्न : मी शिवाजी विद्यापीठात वाणिज्य शाखेला आहे. कोल्हापुरी चपलेचा व्यवसाय कितपत टिकेल, यावर प्रोजेक्ट आहे. गूगल फॉर्मवर ११२ उत्तरं आली. सर म्हणतात ३८५ हवीत. कुठून आणू?

उत्तर : ३८५ हा आकडा संपूर्ण यादीतून चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या माणसांसाठी आहे, ५ टक्के चूकभूल धरून. मोबाइलवर फॉर्म भरणारे आपले आपण निवडले जातात. तिथे १,००० उत्तरे आली तरी सुभाषनगर, जवाहरनगरातला साठीचा कारागीर त्यात नसेलच. सरांना ४० घरांचा नीट आराखडा दाखवा: कारागीर, दुकानदार आणि कातडे कमावणारे अशा तीन याद्या, प्रत्येकीतून चिठ्ठ्या, आणि प्रत्यक्ष भेट. ज्यांनी नकार दिला त्यांचीही संख्या लिहा.

'तुमचा व्यवसाय पर्यावरणपूरक आणि फायदेशीर वाटतो का?' हा एकात दोन प्रश्न आहे, तो तोडा. नफा थेट विचारू नका. समजा, जोड ६०० रुपयांना दुकानाला गेला आणि कातडे-दोऱ्याचे ३५० झाले, तर कारागीर नफा २५० सांगेल. पण त्यात त्याचे ५ तास आणि वेणी, शिलाई करणाऱ्या बायकोचे ३ तास आहेत. तासाला ३१ रुपये पडले. व्यवसाय टिकेल का, याचे उत्तर या ३१ मध्ये आहे, आणि बायकोला वेगळे विचारल्याशिवाय ते ३ तास कागदावर येत नाहीत.

वर्षाची सरासरी विचारू नका, महिनावार विचारा. पावसाळ्यात चपलेला मागणी घटते आणि कातडे वाळायलाही वेळ लागतो. २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या प्रत्येकी चार जिल्ह्यांना मिळून मिळालेल्या भौगोलिक मानांकनाबद्दल विचारताना 'माहीत आहे का?' यावर थांबू नका. 'त्याची नोंदणी तुमच्या नावावर आहे का, आणि त्यामुळे गेल्या वर्षी एखादा जोड जास्त भावाने गेला का?' असे विचारा. प्रश्नावली आधी पाच घरांत बोलून पाहा. ज्या प्रश्नाला तीन जणांनी "म्हणजे काय?" म्हटले, तो पुन्हा लिहा. आलेले ११२ फॉर्म फेकू नका. ते बहुधा गिऱ्हाइकांचे असतील, तर गिऱ्हाइकांचे म्हणून वेगळ्या प्रकरणात मांडा.